‘खून करा, निबंध लिहा, घरी जा’ : त्या मेसेजला माझं उत्तर

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीनदा आला. तिसऱ्यांदा पाठवला तो माझ्या मावसभावानं, तेव्हा मात्र गप्प बसवेना. मेसेज असा: ‘अठरा वर्षांखालच्या गुन्हेगाराला कायदा हात लावत नाही. खून करा, निबंध लिहा, घरी जा. निम्मे गुन्हे हीच पोरं करतात. रक्तातच असतं, ती सुधारत नाहीत. त्यांचे फोटो चौकात लावा आणि मोठ्यांच्या तुरुंगात टाका.’

मी सोलापुरात वकिली करते. माझी बरीचशी कामं बाल न्याय मंडळापुढची असतात, म्हणजे अठराच्या आतल्या आरोपींची प्रकरणं जिथं चालतात तिथली. तेव्हा एकेक वाक्य घेते.

‘कायदा हात लावत नाही’

लावतो. 2000 च्या बाल न्याय कायद्यात अठराच्या आतल्या मुलाला, गुन्हा कितीही मोठा असो, जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात, म्हणजे दोषी मुलांच्या सुधारगृहात, ठेवता येत असे. निर्भया प्रकरणानंतर देशभर संताप उसळला आणि 2015 चा नवा कायदा आला. तो 15 जानेवारी 2016 पासून लागू आहे. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे, असा गुन्हा केल्याचा आरोप सोळा ते अठरा वयाच्या मुलावर असेल, तर मंडळ आधी त्याचं प्राथमिक मूल्यांकन करतं. असं कृत्य करण्याची त्याची शारीरिक-मानसिक क्षमता होती का, परिणाम त्याला कळत होते का, ते कोणत्या परिस्थितीत घडलं, हे पाहिलं जातं. मंडळाला गरज वाटली तर प्रकरण बाल न्यायालयाकडे जातं आणि तिथं प्रौढासारखा खटला चालू शकतो. दोषी ठरलेला मुलगा 21 वर्षांचा होईपर्यंत सुरक्षित ठिकाणी राहतो. मग पुन्हा तपासणी होते, आणि सुधारणा दिसली नाही तर उरलेली शिक्षा तुरुंगात भोगावी लागते. फाशी देता येत नाही, आणि सुटकेची आशाच नसलेली जन्मठेपही देता येत नाही. बाकी हा मेसेज जे मागतोय त्यातलं बरंचसं कायद्यात कधीच येऊन बसलंय.

‘निबंध लिहा, घरी जा’

हे वाक्य पुण्यातून आलं. 19 मे 2024, कल्याणीनगर, भरधाव पोर्शे गाडीनं धडक दिली आणि दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवणाऱ्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता. तो आदेश वाचून मलाही चीड आली होती, आजही येते. पण निबंध ही जामिनाची अट होती, शिक्षा नव्हती, आणि जामीन मिळाला म्हणजे प्रकरण संपत नाही. त्याच प्रकरणात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून मुलाच्या वडिलांना आणि डॉक्टरांना अटक झाली, ही मोठी माणसं मात्र मेसेजमध्ये कुठंच नाहीत. अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात 2019 पासून आहे.

आणि माझ्याकडे येणारी पोरं काही तासांत सुटणारी नसतात. पूर्व भागातली एक आई मला नेहमी आठवते. विड्या वळणारी बाई. कारखान्यातून पान-तंबाखू आणायचा, घरी वळायच्या, मोजून द्यायच्या, हजारावर मजुरी. मुलानं एकाचा मोबाइल उचलला होता. पहिल्या तारखेला ती सकाळी दहालाच येऊन बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत त्याचा शाळेचा दाखला, कारण वय ठरवताना तोच कागद आधी पाहतात हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. मुलाचा पुकारा दुपारी झाला. त्या दिवसाच्या विड्या बुडाल्या. पुढच्या तारखेलाही बुडाल्या. जामीन हा या कायद्यात जवळजवळ नियमच आहे, पण मुलाला सांभाळेन असं मंडळापुढं सांगायला घरातलं माणूस उभं राहावं लागतं. तिचा नवरा उभा राहायला तयार नव्हता, तिचा मोठा भाऊ कर्नाटकातून येईपर्यंत दिवस गेले, आणि तोवर पोरगा निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथं. ‘घरी जा’ लिहिणाऱ्यानं हे एकदा येऊन बघावं.

‘निम्मे गुन्हे हीच पोरं करतात’

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे 2022 चे आकडे: देशात एकूण दखलपात्र गुन्हे 58 लाखांवर, त्यात अल्पवयीनांवर नोंदलेले 30,555. म्हणजे दोनशेत एकाच्या आसपास. यापुढं या मुद्द्यावर बोलण्यासारखं काही नाही.

‘रक्तातच असतं’

हे वाक्य सोलापूरकरानं पुढं पाठवावं याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. आपल्या शहरात ज्या भागाला आपण आजही ‘सेटलमेंट’ म्हणतो ते नाव कुठून आलं? 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. माणसांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली, गिरण्यांत राबवलं. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवायची मुभाही पुढं त्याच कायद्यात आली, कारण पोर बापावर जाणार हे धरूनच चाललेलं. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. त्या वस्तीतल्या कितीतरी घरांत आज शिक्षक आहेत, सरकारी नोकर आहेत. रक्त तेच आहे.

अलीकडचंही बघा. मुळेगाव तांड्यावर आणि जिल्ह्यातल्या इतर ठिकाणी हातभट्टीवर वर्षानुवर्षं धाडी पडत होत्या आणि भट्ट्या पुन्हा पेटत होत्या. 2021 मध्ये तेव्हाच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतलं. एकेका अधिकाऱ्यानं एकेक गाव दत्तक घ्यायचं, धाडही घालायची आणि दुसऱ्या धंद्याची सोयही बघायची. हा मार्ग तर खुद्द खाकीनंच निवडला होता.

‘फोटो चौकात लावा’

2015 च्या याच बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे असा फोटो किंवा नाव छापणं, फिरवणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ग्रुप ॲडमिननी लक्षात ठेवा.

‘मोठ्यांच्या तुरुंगात टाका’

समजा टाकलं. सतरा वर्षांचा पोरगा, मोबाइल चोर. शेजारी कोण? ज्याला टोळीसाठी पोरं लागतातच, असा माणूस. बाहेर कुणी भेटायला येत नाही, आत हा जेवण देतो, ‘सुटलास की मला भेट’ म्हणतो. अमेरिकेत नव्वदच्या दशकात भराभर मुलांचे खटले प्रौढांच्या कोर्टात नेले. तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेनं, सीडीसीनं नेमलेल्या तज्ज्ञांनी 2007 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा अशी मुलं पुढं जास्त हिंसक गुन्हे करताना दिसली. मला स्वतःच्या लेकरांची काळजी आहे म्हणूनच मला हे नको आहे. तो पोरगा कधीतरी सुटून याच अशोक चौकात येणार आहे.

पोरांना पुढं करून गुन्हे करवून घेणाऱ्या मोठ्यांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड, हे त्याच कायद्याच्या कलम 83 मध्ये आहे. ‘पोराच्या हातात कोयता कुणी दिला’ असा मेसेज मला अजून कुणी पाठवलेला नाही.

एक तक्रार मात्र मी मान्य करते. ज्याचं माणूस गेलं, त्या घराला मंडळापुढच्या कामात फारशी जागा नसते. काय चाललंय ते त्यांना कुणी नीट सांगत नाही, आणि मग त्यांना वाटतं की पोराचेच लाड चाललेत. चौकशी चार महिन्यांत संपवावी असं कायदा म्हणतो, ती लांबते. मंडळात मानसशास्त्रज्ञ नसेल तर मूल्यांकनात बाहेरच्या मानसशास्त्रज्ञाची मदत घेतलीच पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये बजावलं. तो माणूस दर वेळी, वेळेवर हवा. परिविक्षा अधिकाऱ्याला, म्हणजे पोराच्या घरची परिस्थिती पाहून मंडळाला कळवणाऱ्याला, एका पोराच्या घरी दोनदा जाता येईल एवढा वेळ हवा. संताप इथं काढा, मी तुमच्याबरोबर आहे.

मावसभावाचे दहावीचे क्लास आहेत. त्याला मी वेगळा मेसेज केला: ‘एक पोरगा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसतोय. संध्याकाळच्या बॅचला बसू देशील का?’ त्यानं विचारलं, ‘कोण आहे?’ मी लिहिलं, ‘गणित बरं आहे, इंग्रजी कच्चं आहे. बाकी त्याला वाटलं तर तो सांगेल.’ थोड्या वेळानं उत्तर आलं: ‘सोमवारी सहाला पाठव.’