स्नेहमेळावा शाळेचा, शाळेला वगळून

आज दुपारी आमच्या दहावीच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्नेहमेळाव्याचे ठिकाण जाहीर झाले आणि ते वाचल्यापासून मन इतके अस्वस्थ आहे की लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. औसा तालुक्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद प्रशालेतून आम्ही मार्च 1984 मध्ये दहावीला बसलो. गेले वर्षभर या ग्रुपवर शाळेशिवाय दुसरा विषय नाही. व्हरांड्यातला रांजण, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, मधल्या सुट्टीत मीठ लावून खाल्लेल्या चिंचा, हे सगळे रोज नव्याने निघते आणि प्रत्येकाचे डोळे भरून येतात. एवढ्या वर्षांनी एकत्र यायचे ठरले, तेव्हा मात्र जागा निवडली ती लातूर-सोलापूर रस्त्यावरच्या एका रिसॉर्टची. माणशी अडीच हजार रुपये वर्गणी, त्यात वर्ष छापलेला टी-शर्ट, दोन वेळचे जेवण आणि रात्री गाणी. शाळा तिथून फार लांब नाही, तरीही दिवसभराच्या कार्यक्रमात तिचे नाव कुठेही नाही. मी विचारले, "शाळेत का नको?" त्यावर एका वर्गमित्राचे उत्तर आले, "तिथं आता काय राहिलंय?"

तिथे काय राहिले आहे, ते मी सांगते. तिथे मुले राहिली आहेत. दिवाळीनंतर गावी गेले होते तेव्हा मी शाळेत जाऊन आले. आमच्याच वर्गखोलीत सातवीचा वर्ग भरला होता. फळ्याच्या कोपऱ्यात, आम्ही लिहायचो तसेच, वार आणि दिनांकाखाली लिहिले होते: पट 19, हजर 16. ज्यांच्या आईबापांना लातूरला खोली करून मुलांना शिकवणी लावणे परवडत नाही, ज्यांच्या दारात पिवळी बस येत नाही, ज्यांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले आहेत आणि जी आजीजवळ मागे राहिली आहेत, अशी ती मुले. आमच्यापैकी निम्म्याहून अधिक जण नेमके अशाच घरांतून आले होते. मग आपल्या शाळेत काही राहिले नाही, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो?

ग्रुपवर सर्वांत जास्त उगाळली जाणारी आठवण म्हणजे रात्रीच्या अभ्यासाची. संक्रांत झाली की दहावीची मुले वाकळ आणि कंदील घेऊन शाळेतच झोपायला जात. गावात वीज आली होती, पण घरोघरी नव्हती, आणि होती तिथेही ऐन संध्याकाळी जायची. गणिताचे सर शाळेची गॅसबत्ती पेटवून मुलांना मधोमध बसवत आणि रात्री उशिरापर्यंत गणिते सोडवून घेत. या बत्तीवर आमच्या वर्गमित्रांनी इतके लिहिले आहे की तिचा कोणी छायाचित्रासह इतिहास काढला तरी नवल वाटणार नाही. त्यांच्या लिहिण्यात एक गोष्ट मात्र कधीच येत नाही. ती बत्ती त्यांच्याकडे रात्री साडेआठनंतर यायची, कारण त्याआधी ती आम्हा मुलींकडे असायची.

रात्री शाळेत जाण्याची परवानगी आम्हाला घरून मिळणे शक्यच नव्हते आणि सरांनी तसा आग्रहही धरला नाही. ते आमच्या प्रत्येकीच्या घरी जाऊन वडिलांशी बोलले. कोणी हो म्हणेना. शेवटी गावातल्या एका मोठ्या वाड्यातल्या म्हाताऱ्या मोठीआई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, माझी ढाळज मोकळीच पडलीया. पोरींला हितं बसवा, मी हाय की दाराशी." ढाळज म्हणजे वाड्याच्या दाराच्या आतली बैठकीची ओसरी. त्यानंतर कोणाच्या वडिलांना नाही म्हणायला जागाच उरली नाही.

दिवस मावळला की सर शाळेतून बत्ती घेऊन पायी निघत. त्यांच्याकडे सायकल होती, पण बत्ती हातात असली की ते सायकलला हात लावत नसत, कारण बत्तीतली ज्योतीवरची कापडी जाळी एकदा जळली की थोड्याशा हिसक्यानेही झडून जाते आणि नवी जाळी औशाहून आणावी लागे. ढाळजेत येऊन ते बत्ती खाली ठेवत, वाटीत स्पिरिट घालून ते पेटवत, नळी तापेपर्यंत आमच्या वह्या चाळत आणि मग पंप मारू लागत. फसफस होऊन जाळी आधी पिवळी, मग पांढरीशुभ्र व्हायची आणि सागवानी खांबांच्या सावल्या मागच्या भिंतीवर उभ्या राहायच्या. मोठीआई उंबऱ्याशी वाती वळत बसलेल्या असायच्या. त्यांना अक्षर येत नव्हते, पण आमच्यातली एखादी चुकली आणि सर गप्प झाले की त्या मान वर करून पाहायच्या.

सर मोठ्या आकड्यांचा हिशेब करताना तोंडातल्या तोंडात "जरब", "तकसीम", म्हणजे गुणाकार, भागाकार, असे पुटपुटायचे. त्यांचे शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून सुरू झाले होते. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले, तेव्हा ते आमच्याच वयाचे असतील. त्या काळी या भागात शाळा काढायची तर निजाम सरकारची परवानगी लागे आणि ती सहजासहजी मिळत नसे. तरीही आमच्या गावापासून फार लांब नसलेल्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा उभी राहिली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ त्या लढ्यात उतरण्याआधी तिथे शिकवत होते आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयातही त्यांनी शिकवले. ज्या मुलुखात माणसांनी एवढी किंमत मोजून शाळा मिळवल्या, तिथल्या शाळेकडे पाहून "काय राहिलंय" हे शब्द तोंडातून निघतातच कसे, हे मला खरोखर समजत नाही.

2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विषय निघाला, तेव्हा याच ग्रुपवर संतापाचे केवढे संदेश फिरले होते. गरिबांच्या मुलांचे काय होणार, वस्तीवरची लेकरे एवढे अंतर कशी चालणार, शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांत प्राथमिक शाळा एका किलोमीटरच्या आत हवी असे असताना हे कसे चालते, असे सर्व जण तावातावाने लिहीत होते. ते सगळे बरोबरच होते. पण ज्या शाळेसाठी एवढा जीव तुटतो, तिच्या फाटकातून वर्षातला एक दिवस आत जायला कोणी तयार नसेल, तर त्या संतापाचा शाळेला काय उपयोग?

आता रिसॉर्टच्या बाजूचे म्हणणेही लिहिते. आमच्यातल्या अनेकांचे गुडघे गेले आहेत, साखर वाढलेली आहे, तासातासाला स्वच्छतागृह लागते आणि शाळेत ती सोय नीट नाही, हे मला मान्य आहे. परंतु त्याच स्वच्छतागृहापायी आज त्या शाळेतल्या मुली दिवसभर पाणी पिणे टाळतात. मला एका मुलीने स्वतः सांगितले. आम्ही शिकायला होतो तेव्हा हेच करत होतो. चाळीसहून जास्त वर्षांत त्या एका गोष्टीत फरक पडलेला नाही, आणि आमच्या वर्गातून निघालेल्या लोकांत अभियंते आहेत, कंत्राटदार आहेत, बँकेतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले लोक आहेत.

आमच्या शाळेत सगळेच चांगले होते, असेही मी म्हणत नाही. हातावर वळ उठेपर्यंत मार मिळायचा, आणि काही मुलांना तो इतरांपेक्षा अधिक मिळायचा. का, ते सर्वांना माहीत होते.

मला सर्वांत जास्त ज्याचा राग आला, ते अजून लिहिलेच नाही. ढाळजेत बसणाऱ्या आम्हा मुलींमध्ये गणितात सगळ्यांच्या पुढे असलेली एक जण होती. सर फळ्याऐवजी पाटीवर उदाहरण लिहायचे आणि पाटी खाली ठेवेपर्यंत तिचे उत्तर तयार असायचे. माघात तिचे लग्न ठरले. सर तिच्या वडिलांकडे जाऊन म्हणाले, परीक्षा होईपर्यंत तेवढे थांबा. वडील वाईट नव्हते. ते म्हणाले, "मास्तर, पाव्हणे हुंड्याला अडून बसंनात. असं स्थळ मला पुन्हा भेटंल का?" सरांना त्यावर काही बोलता आले नाही. हळद लागायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत ती ढाळजेत येत राहिली आणि सर तिची वही इतरांच्या वहीसारखीच बारकाईने तपासून लाल शाईने सही करत राहिले. त्या वह्यांचा आता काय उपयोग, असा विचार त्यांनी एकदाही चेहऱ्यावर दिसू दिला नाही. आज मी स्वतः लेखापाल म्हणून निवृत्तीला आले आहे. नोकरीच्या सगळ्या वर्षांत ताळेबंद जुळत नाही असे झाले की मला ती लाल सही आठवायची आणि मी पुन्हा पहिल्या ओळीपासून बेरीज करायला घ्यायची.

तिला ग्रुपमध्ये घ्या, असे मी आज सुचवले. त्यावर उत्तर आले, "ती दहावीला बसलीच नव्हती, मग आपल्या बॅचची कशी?"

हे वाचून माझे हात थरथरले. पाचवीपासून आमच्या पंगतीला बसलेली, आमच्या निम्म्या वर्गाला त्रैराशिक समजावून सांगितलेली मुलगी केवळ तिच्या बापाला पोटात भीती होती म्हणून आमच्या वर्गाची राहत नाही काय? ती निलंग्याकडे असते. तिला नातवंडे आहेत. बचत गटाचा सगळा हिशेब तिच्याकडे असतो आणि बँकेतले लोक तिची वही पाहून चकित होतात, असे तिच्या सुनेने मला फोनवर सांगितले. ज्याने ते उत्तर लिहिले, त्याला मी दोष देत बसणार नाही, कारण मनाने तो मुळात चांगला आहे आणि माझ्या वडिलांच्या आजारपणात तो रात्रभर दवाखान्यात बसला होता. पण हे वाक्य त्याने मागे घ्यावे, एवढी माझी अपेक्षा आहे.

मला हेही कळते की या वयात माणूस जुन्या आठवणींकडे का धावतो. आमच्या ग्रुपवर वाढदिवसांच्या शुभेच्छांइतकेच आता श्रद्धांजलीचे संदेश येतात. मुले पुण्याला, कोणाची परदेशात. घरात दोघेच. दुपारी वेळ जाता जात नाही आणि मग कोणीतरी चिंचेच्या झाडाची आठवण काढली की त्या क्षणी आपण पुन्हा चौदा वर्षांचे होतो. यात काहीही गैर नाही. मलाही ते हवेसे वाटते. आमच्या नववीच्या वर्षी, ऑगस्ट 1982 मध्ये, लातूर जिल्हा झाला आणि वह्यांवरचे "जिल्हा उस्मानाबाद" खोडून आम्ही सर्वांनी एकाच दिवशी "जिल्हा लातूर" लिहिले. एवढी साधी आठवण परवा कोणीतरी लिहिली आणि मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले.

ढाळज आता नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात तो वाडा पडला नाही, पण दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे माळवद यांचा त्यानंतर कोणालाच भरवसा उरला नाही. किल्लारीकडे अशाच घरांखाली माणसे गेली होती. भिंतींना तडे गेले होतेच. पुढे वाडा उतरवला. मोठीआई त्याआधीच गेल्या होत्या. सरही आता नाहीत. म्हणजे आमच्या त्या संध्याकाळींपैकी उभी अशी एकच वास्तू शिल्लक आहे, आणि ती शाळा आहे. तीही उद्या पट कमी म्हणून बंद झाली, तर आपण कशाच्या आठवणी काढणार आहोत?

ज्यांना रिसॉर्टवर जायचे आहे त्यांनी अवश्य जावे. मी जाणार नाही. माझी वर्गणी मी शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात भरणार आहे आणि मुलींच्या स्वच्छतागृहासाठी टाकी आणि नळजोडणी एवढ्याच कामासाठी ती वापरावी, असे पत्र सोबत देणार आहे. ज्यांना त्यात भर घालायची आहे त्यांनी थेट समितीच्या खात्यातच पैसे भरावेत आणि पावती घ्यावी; कोणीही माझ्याकडे पैसे पाठवू नयेत.

मुख्याध्यापकांशी माझे बोलणे झाले आहे. मेळाव्याच्या दिवशी शनिवार आहे, म्हणजे शाळा सकाळची असते, म्हणून प्रार्थनेच्या आधी पोहोचावे लागेल. आमच्या वर्गातल्या दोघी येतो म्हणाल्या आहेत. निलंग्याकडच्या मैत्रिणीला आणायला मी आदल्या दिवशी दुपारी जाणार आहे आणि रात्री ती माझ्याकडेच लातूरला राहील, त्यामुळे सकाळी गाडीत दोन जागा रिकाम्या असतील. शाळा सुटल्यावर तिथेच व्हरांड्यात पिठले-भाकरी आणि ठेचा करायचा विचार आहे. भाकरी थापायला गावातल्या बायका तयार आहेत, फक्त पिठाचा अंदाज त्यांना गुरुवारपर्यंत द्यायचा आहे, तेव्हा येणाऱ्यांनी त्याआधी कळवावे.