चाल

डॉक्टरांनी रिपोर्ट उलटसुलट बघितले, चष्मा काढला आणि म्हणाले, "आता चालायला लागा." मी मुकाट्याने उठून दाराकडे निघालो. मला वाटलं, तपासणी संपली. "आत्ता नाही हो, रोज!" असं त्यांनी मागून ओरडून सांगितलं तेव्हा मी पुन्हा येऊन खुर्चीत बसलो. बसणं मला चांगलं जमतं. रिपोर्टमध्येही बहुधा तेच लिहिलं होतं.

घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "वीस वर्षं मी दुसरं काय सांगत होते? पण मी फी घेत नव्हते ना!"

खरं तर चालणं मी वर्षाचा असतानाच शिकलो होतो. त्या वेळी चार पावलं टाकली तर सगळं घर टाळ्या वाजवायचं. पुढे कुणी वाजवल्या नाहीत, म्हणून माझा उत्साह मावळला असावा.

पहिला आठवडा चालढकलीत गेला. त्यातली ढकल तेवढी माझी. पलंगापासून दारापर्यंतचं अंतर चौदा पावलं आहे, हे मी त्याच आठवड्यात मोजलं. पहिल्या पावलाला वाटतं, बाहेर आभाळ आलंय. चौथ्याला डावा गुडघा बोलतो. सातव्या पावलावर आठवतं, की रात्री झोप नीट लागली नव्हती आणि अपुरी झोपही तब्येतीला वाईटच. अकराव्यावर आपण उभे आहोत की परत फिरलोय हेच कळत नाही. बाहेरचे तीन किलोमीटर लोक कौतुकाने सांगतात, पण या चौदा पावलांना कुणी विचारत नाही. एकदा मी तेराव्या पावलावरून परत आलो आहे. हात कडीवर होता.

मग मुलाने माझ्या फोनमध्ये पावलं मोजायची सोय करून दिली. "बाबा, रोज दहा हजार." झालं! आजवर घरात दोन माणसं माझ्यावर लक्ष ठेवून होती, आता खिशातही एक आला. रात्री साडेदहाला तो ९,६१२ दाखवायचा आणि मी दिवाणखान्यात सोफ्याभोवती प्रदक्षिणा घालायचो. एकदा पलंगावर पडल्या पडल्या फोन हलवून उरलेली तीनशे पावलं पूर्ण केली. त्या रात्री हात दुखला, म्हणजे व्यायाम अगदीच झाला नाही असं नाही.

आणि मग वाचनात आलं, की हा दहा हजारांचा आकडा कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून आलेलाच नाही. टोकियो ऑलिंपिक १९६४ साली झालं, त्यानंतर वर्षभरात जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव 'मान्पो-केई', म्हणजे सरळसरळ 'दहा हजार पावलांचं मीटर'. आकडा गोल होता, नाव खपलं, आणि साठ वर्षांनी मी सोफ्याभोवती फिरतोय! पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांहून जास्त वयस्कर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज चार-साडेचार हजार पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक राहिला नाही. मी हे मुलाला दाखवलं. तो म्हणाला, "बाबा, तुमची चार हजार तरी कुठे होतात?" मुलांना शिकवू नये.

माझ्यासारख्या बैठ्या माणसाला खरी धडकी भरली ती लंडनच्या बसगाड्यांमुळे. तिथले चालक आणि वाहक यांची तुलना १९५३ साली प्रसिद्ध झाली. एकाच बसमधले, एकाच रस्त्यावरचे हे दोघे. वाहक दिवसभर दुमजली बसच्या जिन्यावर खाली-वर करायचे, त्यांना हृदयविकार कमी. चालकांना जास्त. म्हणायचं चालक, आणि बिचारा दिवसभर बसलेला!

पोटरीचंही तसंच. चालताना तिचे स्नायू आवळतात आणि पायांतलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. म्हणजे चालढकल शरीरालाही हवीच असते, फक्त या अर्थाने. शिवाय काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची फेरीसुद्धा उपयोगी. माझी वामकुक्षी अशी गेली.

चालताना कल्पना सुचतात, हेही खोटं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१४ च्या प्रयोगात बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना जास्त कल्पना सुचल्या. अगदी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनासुद्धा. मलाही सुचतात. उद्या न येण्यासाठी लागणारी सगळी कारणं मला चालतानाच सुचली आहेत.

राहिला वेगाचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान दीडशे मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. डॉक्टरांना विचारलं, मध्यम म्हणजे किती? ते म्हणाले, "सोपं आहे. बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये."

आता बोलता येतंय हे तपासायला सोबत कुणी हवं. मी एकटा. मग गाऊनच बघायचं ठरवलं. पहाटेचा अंधार होता, बागेत चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंना बघून घेतलं आणि झपझप चालता चालता आवाज लावला. पहिली ओळ निम्म्यात तुटली, दम लागला, दुसरी नुसतीच हवा म्हणून बाहेर पडली. म्हणजे वेग बरोबर! आनंदाने पुन्हा एकदा खात्री करून घेत होतो, तेवढ्यात मागून एक काठी टेकत आलेले आजोबा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कळ येतेय का छातीत? बसा, बसा. कुणाला बोलावू?"

त्यांना सगळं समजावून सांगायला एक अख्खी फेरी गेली. ती मात्र मजेत गेली. आजोबा पंचवीस वर्षं चालताहेत, आणि त्यांनी कधीच काहीही मोजलेलं नाही. त्या बागेतलं एक झाड दाखवून म्हणाले, हे आलं तेव्हा माझ्या गुडघ्याएवढं होतं. मी मान वर करून बघितलं. रोज त्याखालून जायचो, पण खिशातला आकडा बघत.

तेव्हापासून माझ्या घराच्या दारापर्यंत चौदाऐवजी बाराच पावलं लागतात. एक तर घर लहान झालं असेल किंवा माझं पाऊल लांबलं असेल.

परवा सकाळी नेहमीच्या वेगाने चालत होतो आणि लक्षात आलं, की आपण गुणगुणतोय. आधी गुणगुण, मग चक्क मोकळा आवाज. अख्खं कडवं न धापता पार पडलं! मी हात पसरून दुसरं सुरू करणार, तर आजोबा काठी टेकत बाजूने पुढे निघून गेले आणि मागे न बघताच म्हणाले,

"गाण्याची चाल सोडा हो आता. पायाची वाढवा."