आईची परात आणि मुलीची कॉफी

पिढ्यांच्या खर्चाच्या सवयींवरचा एक लेख वाचला. त्यात जुन्या पिढीला काटकसरी आणि आजच्या मुलांना उधळं ठरवून टाकलंय. इतकं सोपं नाही हो ते. माझी आई बीड जिल्ह्यातली. १९७२च्या दुष्काळात ती १३ वर्षांची होती, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे सुकडी (मजुरांना वाटला जाणारा कोरडा पौष्टिक खाऊ) मिळायची, आणि घरी मिलोची भाकरी. (मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. नुसतं नाव काढलं तरी आई आजही तोंड वाकडं करते.) आता डबे भरलेले असतात, तरी भाकऱ्या झाल्या की परातीतलं उरलेलं पीठ ती बोटांनी निपटून परत डब्यात टाकते. ही काटकसर नाही, भीती आहे.

मी सत्तेचाळिशीचा. आमचा काळ नंबर लावण्याचा, गॅसला नंबर, फोनला नंबर. रात्री एसटीडीचे, म्हणजे बाहेरगावच्या फोनचे, दर उतरले की हॉस्टेलची पोरं बूथवर, बोलताना डोळे मीटरवर. अजूनही माझा फोन दोन मिनिटांत उरकतो. मुलगी विचारते, "बाबा, चिडलायस का?"

ती पुण्यात नोकरी करते. अडीचशेची कॉफी पिते म्हणून मी बोललो, तर म्हणाली, "घर तर मला परवडणारच नाहीये, मग हे वाचवून काय करू?" मला उत्तर सुचलं नाही. आईने मात्र त्या कॉफीचा प्लास्टिकचा ग्लास धुऊन ठेवला. मोहरी ठेवायला.