नकाराचं पत्र आलंय? वाचू नका

कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं, की पहिली खबरदारी म्हणजे ते पूर्ण वाचायचं नाही. वरच्या दोन ओळींत नकार दिसला की फोन पालथा ठेवावा आणि बातमी घरच्या ग्रुपवर सोडून द्यावी. कोणत्या कलमाखाली आणि कशामुळे अर्ज नाकारला, ते पुढे लिहिलेलं असतं. पण कारण कळलं की चर्चेत राम राहत नाही. संध्याकाळी नाशिकला इंदिरानगरच्या तुमच्या फ्लॅटवर जमणाऱ्या काका-मावश्यांनी मग बोलायचं काय? एका काकांना भारत-कॅनडा संबंधांची खात्री असते, दुसऱ्यांना साडेसातीची, मावशीला खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या नजरेची. यांच्यापैकी कुणी चुकूनही 'पत्र दाखव बरं' म्हणणार नाही, एवढं सांभाळा.

कारण पत्रातलं कारण अगदीच मिळमिळीत निघण्याचा धोका असतो. अंबड एमआयडीसीतल्या तुमच्या जुन्या कंपनीने दिलेलं अनुभवाचं पत्र आठवा. 'सदर कर्मचारी अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्याकडे कार्यरत होते, त्यांची वर्तणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा.' कॅनडाच्या अधिकाऱ्याला तुमच्या वर्तणुकीत काडीचा रस नसतो. त्याला पद, पगार, आठवड्याचे तास आणि प्रत्यक्ष कामांची यादी हवी असते, आणि ती कामं तुम्ही निवडलेल्या एनओसी कोडशी, म्हणजे कॅनडाच्या व्यवसायांच्या यादीतल्या क्रमांकाशी, जुळायला लागतात. म्हणजे एचआरकडे जाऊन आणखी चार ओळी लिहून मागायच्या. (एचआरवाल्यांचीही कीव येते. पगाराचा आकडा लेटरहेडवर टाकायचा म्हटलं की त्यांना स्वतःचीच नोकरी धोक्यात आल्यासारखं वाटतं.) एवढ्या मोठ्या इंजिनिअरने जुन्या साहेबाच्या केबिनबाहेर ताटकळणं शोभत नाही. त्यापेक्षा आनंदवलीला जा, नवश्या गणपतीला नवस बोला. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबली करून घ्या. तीन दिवसांचा विधी आहे, त्यासाठी रजा आनंदाने मंजूर होते. ती कामांची यादी तेवढी मागू नका.

पत्र मोघम असेल तर तुमच्या फायलीवर अधिकाऱ्याने काय शेरे मारले, तेही मागवता येतात. अर्ज करणारे त्यांना जीसीएमएस नोट्स म्हणतात. तुमची लेखी संमती घेऊन कॅनडात मिसिसॉगाला राहणारा तुमचा चुलतभाऊ पाच डॉलर भरून त्या मागवू शकतो. पण त्याला सांगायचं म्हणजे नकार मिळाला हे काकूला कळणार, आणि काकूला कळलं म्हणजे सिडकोपासून पंचवटीपर्यंत कळलं. पाच डॉलर वाचवा.

आता मुदतीचं पाहू. या निर्णयाविरुद्ध कॅनडाच्या फेडरल कोर्टात जाता येतं. निर्णय कॅनडाबाहेरच्या प्रकरणात झाला असेल तर कळल्यापासून ६० दिवसांत, कॅनडातल्या प्रकरणात झाला असेल तर अवघ्या १५ दिवसांत. म्हणून नाशिकला बसलेल्यांनी जरा जास्त मेहनत घ्यायला हवी: पहिले दोन आठवडे कुणाला तोंड दाखवू नये, नंतर दिवाळी होऊन जाऊ द्यावी, मग तुळशीचं लग्न आहेच. अर्ज तुमचा नसून कॅनडात ब्रॅम्प्टनच्या तळघरात चौघांत राहणाऱ्या तुमच्या चिरंजीवांचा असेल, तर मात्र काहीच कष्ट नाहीत. त्यांचा नकार पितृपक्ष बसताना आला, तर 'आत्ता नको, घटस्थापनेनंतर बघू' एवढं एक वाक्य तुम्ही व्हॉट्सॲप कॉलवर बोललात की काम झालं. घट बसेपर्यंत मुदत संपलेली असते.

इतकं करूनही कुणी वेळेत वकील गाठलाच, तर निदान अपेक्षा तरी चुकीची ठेवा. ते न्यायाधीश पीआर देत नाहीत. आधी प्रकरण ऐकायचं की नाही याचीच परवानगी लागते. मिळाली तर अधिकाऱ्याचा निर्णय वाजवी होता का, तुम्हाला बाजू मांडायची रास्त संधी दिली का, एवढंच तपासतात. जिंकलात तर फाइल दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे नव्याने जाते. अर्जाच्या वेळी जोडायला विसरलेला कागद कोर्टात काढून दाखवता येईल, या भरवशावर राहणाऱ्यांसाठी तर हा मार्ग फारच निराशेचा. अर्जच नव्याने, नीट कागद लावून करावा, असा सल्ला देणारे वकील तिकडे आहेत म्हणतात. अशांपासून दूर राहा.

काही लोक त्याच कार्यालयाला पुनर्विचाराची विनंती पाठवतात. अधिकाऱ्याने नजरेसमोरचा कागद पाहिलाच नाही, अशी उघड चूक असेल तर त्यात अर्थ असतो. तुम्ही मात्र आईचं आजारपण, घराचं कर्ज आणि लहानपणापासूनचं स्वप्न लिहून पाठवा आणि उत्तराची वाट पाहत बसा. त्या विनंतीने कोर्टाची मुदत थांबत नाही, ही गोष्ट वाट पाहताना मनात येऊ देऊ नका.

लग्नकार्यात कुणी विचारलंच तर 'अपील टाकलंय' म्हणा. जमिनीच्या दाव्यांवर वाढलेल्या आपल्या मंडळींना हे वाक्य लगेच पटतं. कोर्टातली ती तपासणी म्हणजे अपील नव्हे; एक्सप्रेस एन्ट्रीवाल्यांना, म्हणजे वय, शिक्षण, अनुभव यांच्या गुणांवर पीआर मागणाऱ्यांना, अपिलाची सोयच नसते. ती असते कुटुंबाच्या स्पॉन्सरशिपमध्ये, तीही तिकडे बसलेल्या स्पॉन्सरने ३० दिवसांत करायची. पण पंगतीत हे तपासणारा कोण आहे?

खरा उपाय म्हणजे एजंट बदलणे. नाशिकला कॅनडा कॉर्नर आहे, तेव्हा आपला अर्धा हक्क तसाही सिद्ध झालेला आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी तिथून कॉलेज रोडपर्यंत चालत जा. काचेची केबिन, भिंतीवर लाल मेपलचं पान, आणि टेबलामागचा माणूस पहिल्या पाच मिनिटांत 'गॅरंटी' म्हणाला पाहिजे. कॅनडाच्या कायद्याने पैसे घेऊन असा अर्ज चालवायचा तर तो तिथला वकील, क्यूबेकचा नोटरी, किंवा तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या 'कॉलेज' नावाच्या नियामक संस्थेचा परवानाधारक असावा लागतो. परवानाधारकांची यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते. पाहू नका, माणसावर विश्वास ठेवायला शिका. अर्जासाठी ईमेल त्यालाच उघडू द्या आणि पासवर्ड विचारू नका. कागदांबद्दल शंका आली तर कॅनडाचं कार्यालय नकार देण्याआधी खुलासा मागणारं पत्र पाठवतं, ते त्या ईमेलवर येतं. तुमच्या डोक्याला ताप नाही.

तो म्हणेल, जॉब ऑफर लावून देतो, पन्नास गुण वाढतील. हे गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झालेत, असं म्हणून त्याचा विरस करू नका. मग तो म्हणेल, दोन वर्षांचा अनुभव कमी पडतोय, तेवढं पत्र आपण बनवून घेऊ. आणि शेवटी, 'आधी कधी नकार मिळाला आहे का' या रकान्यात 'नाही' लिहू. हे सगळं करा. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं की पाच वर्षं अर्ज करायची बंदी येते. आपण पंचवटीचे लोक, चौदा वर्षांच्या मानाने पाच म्हणजे काहीच नाही. एकट्याने अर्ज करणाऱ्याला ३४ व्या वर्षी वयाचे ८३ गुण मिळतात, ३९ व्या वर्षी ५५. तेवढाच भार हलका. या पाच वर्षांत फ्रेंच शिकून पन्नासपर्यंत जादा गुण मिळवणारे महाभागही असतात, पण त्यात रोज अभ्यास करावा लागतो.

ब्रॅम्प्टनच्या चिरंजीवांकडे वळू. वर्क परमिट कधी संपतं ती तारीख त्यांनी कुठेही लिहून ठेवू नये. संपल्यावर ९० दिवसांत तिथे राहण्याचा कायदेशीर दर्जा परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो आणि तो मंजूर होईपर्यंत काम करता येत नाही. हे दोन्ही त्यांना सांगू नका, पोरगं उगाच घाबरेल. रोखीत काम देणारा कुणीतरी आपला माणूस भेटतोच. आणि ईएमआय तर थांबत नाही.

एवढ्यावर नवा एजंटही थकला, तर स्वतःच सुचवेल: कॅनडा आता पूर्वीचा राहिला नाही, आपण ऑस्ट्रेलियाचं बघू. लगेच हो म्हणा. भारताच्या पासपोर्टच्या पुस्तिका इथेच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात, त्यात पानांना तोटा नाही. ऑस्ट्रेलियाच्या अर्जातही, कोणत्याही देशाने तुम्हाला पूर्वी व्हिसा नाकारला आहे का, असं विचारतात. ते एजंट भरेल. तुम्हाला फक्त सही करायची असते. पेन त्यांच्याकडेच असतं, कॉफीही देतात.