चित्रकला ही केवळ वाढीव गुणांची सोय नव्हे

मुले नववी-दहावीत गेली की पालकांमध्ये एक मत हमखास फिरू लागते. चित्रकला हा अभ्यासाचा विषय नसून निकालात थोडे गुण वाढवण्याची सोय आहे, ज्याचा हात उपजतच चांगला आहे त्यालाच ती जमते, तिच्यापायी गणित-विज्ञानाचा वेळ वाया जातो आणि पुढे तिचा काही उपयोग नसतो, असे त्याचे सार आहे. या मतापायी अनेक मुलांची चित्रकलेची वही कायमची मिटते, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासणे मला आवश्यक वाटते.

शाळकरी मुलांसाठी असलेल्या इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षेत अ श्रेणी मिळाल्यास दहावीला ७, ब श्रेणीस ५ आणि क श्रेणीस ३ वाढीव गुण मिळतात, हे खरे आहे. परंतु ५०० पैकी ७ म्हणजे १.४ टक्के, तेवढ्यासाठी स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांची तयारी करणे हा काही सोपा मार्ग नव्हे. गुणांच्या मोहाने काही ठिकाणी एकच स्मरणचित्र घोटून घेतले जाते, हे मी नाकारत नाही. पण निबंधही पाठ करून लिहिले जातात, म्हणून मराठी हा अभ्यासाचा विषयच नव्हे असे आपण म्हणत नाही.

उपजत हाताचा मुद्दा अधिक घातक आहे, कारण मूल स्वतःच त्यावर विश्वास ठेवते. नवशिक्या मुलांपुढे टेबलावर तांब्या ठेवला, तर त्यांतली बरीच जण त्याचे तोंड पूर्ण गोल काढतात आणि बूड सरळ रेषेने मिटवतात. तोंड गोल असते आणि बूड टेबलावर सपाट टेकलेले असते, हे त्यांना माहीत असते; म्हणजे ती दिसते ते न काढता माहीत असलेले काढतात. प्रत्यक्षात डोळ्यांच्या पातळीखाली ठेवलेल्या भांड्याचे तोंड लंबवर्तुळाकार दिसते आणि त्या पातळीपासून जितके खाली जावे तितके ते लंबवर्तुळ फुगत जाते, म्हणून बुडाची कड स्पष्ट वाकलेली दिसते. शिक्षकाने हे समजावून दिले, हात ताठ धरून पेन्सिलीने उंची-रुंदीचे प्रमाण मोजायला लावले आणि पडछायेची दिशा न्याहाळायला शिकवले, की ‘मला येत नाही’ म्हणणाऱ्या मुलाचाही तांब्या टेबलावर नीट बसू लागतो. काहींचा हात लवकर वळतो, हे मान्य आहे. काहींना गणितही लवकर उमगते. खरी उणीव शिकवणाऱ्यांची आहे. शिक्षण हक्क कायद्यानेही सहावी ते आठवीसाठी, तेही पटसंख्या शंभराहून अधिक असेल तरच, कलेसाठी अंशकालीन निदेशकाची, म्हणजे अर्धवेळ शिकवणाऱ्याची, तरतूद केली आहे, आणि ती मला अपुरी वाटते.

वेळ वाया जातो, या आक्षेपाचे उत्तर थोडक्यात देता येते. इंटरमिजिएटच्या भूमितीत घनाकृतीचे समोरून आणि वरून दिसणारे दृश्य काढावे लागते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या तासाला नेमके हेच काम पुढे येते.

राहिला उपयोगाचा प्रश्न. वास्तुकलेच्या ‘नाटा’ आणि डिझाइन पदवीच्या ‘यूसीड’ या प्रवेश परीक्षांत रेखाटनाची चाचणी असते, आणि दहावीपर्यंत पेन्सिल बाजूला ठेवलेल्या मुलाला ती जड जाते. प्रत्येकाने चित्रकार व्हावे, असे माझे म्हणणे नाही. पण विंडोज संगणकावर आपण वर्षानुवर्षे ज्या ‘मंगल’ फाँटमध्ये मराठी वाचत आलो, त्याची अक्षरे र. कृ. जोशी यांनी घडवली. ते मुंबईच्या जे. जे. या कलासंस्थेत शिकले आणि पुढे त्यांनी पवईच्या आयआयटीत अध्यापन केले. काना किती जाड असावा, वेलांटी कुठे वळावी, दोन अक्षरांमध्ये मोकळी जागा किती सोडावी, हे कुणीतरी डोळ्यांनी जोखून ठरवावे लागते, आणि अक्षरलेखनाच्या पेपरात शाळकरी मूल पट्टी-पेन्सिल घेऊन तेच जोखायला बसलेले असते.