पटर चकाचक का केला नाही? जालन्याच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. दोन ओळींत आटोपण्यासारखी नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: छत्रपती संभाजीनगरच्या छावणीजवळच्या एका घरात जुना गोल्फ पटर निघाला. पटर म्हणजे चेंडू शेवटी भोकात ढकलायची काठी. घरातले आजोबा छावणीतल्या एका बंगल्यावर माळी होते, तिथून तो आला असं घरचे सांगतात. तो ओळखून नीट करायचं काम माझ्याकडे आलं. त्यावर काकांनी लिहिलं: ‘आयुष्य रोलिंग मिलमध्ये गेलं, म्हणून सांगतो. डोकं तेजाबात बुडवून बफ मारला असता, वर निकेल चढवलं असतं तर नवंकोरं झालं असतं. तुम्ही काळं ठेवलंत. स्कॉटलंडचा, शंभर वर्षांचा वगैरे सगळं अंदाजपंचे, नाव तर स्कॉटिश वाटत नाही. आणि आपल्याकडे टँकरची वाट बघतात, तिथे साहेबाच्या काठीचं कौतुक कशाला?’

तुमचा लोखंडातला अनुभव माझ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, म्हणून तुमच्याच भाषेत बोलतो. डोक्यावरचा कारागिराचा छाप दोन तऱ्हेने पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पंच ठोकून पाडला तर धातू कडेला किंचित वर येतो, अक्षराचा तळ धारदार राहतो, एखादं अक्षर वाकडं बसतं. साच्यातून ओतून आला तर सगळ्या कडा गोल आणि सगळी अक्षरं एकसारखी. आज दिवाणखान्यात टांगायला म्हणून जुन्या धाटणीचे पटर नवे करून विकतात, त्यांतल्या पुष्कळांचं डोकं ओतीव असतं. म्हणजे अस्सल आणि नक्कल यांतला मोठा फरक त्या कडांमध्ये आहे. बफ पहिल्यांदा खातो तो नेमक्या त्याच कडा. चांगला बफ मारलेला अस्सल ठसा ओतीव नकलेसारखा दिसायला लागतो, आणि घासलेला धातू परत आणता येत नाही.

या पटरच्या पाठीवर काय आहे ते सांगतो. धूम्रपानाचा छोटा पाइप, दांडा आणि वाटी स्पष्ट. त्याच्या खाली ओळीत काही अक्षरं, त्यांतली ‘कल’ एवढीच रोमन लिपीत धड लागतात, बाकीची खिडकीपाशी तिरप्या उन्हात धरली तरच दिसतात. पाइप ही सेंट अँड्र्यूजच्या टॉम स्टुअर्ट या लोहाराची खूण. स्कॉटलंडच्या या लोहारांनी आपापली चित्रं ठरवून घेतली होती: किंगहॉर्नच्या विल्यम गिब्सनचा तारा, लेव्हनच्या जॉर्ज निकोलचा हात, फोर्गनचा मुकुट. चित्र असतं डोकं घडवणाऱ्याचं, पण अक्षरांतलं नाव बहुतेक वेळा विकणाऱ्या दुकानाचं किंवा क्लबच्या व्यावसायिक खेळाडूचं. स्टुअर्टकडून डोकी घेऊन त्यावर स्वतःचं नाव उमटवणारे पुष्कळ होते. ‘नाव तर स्कॉटिश वाटत नाही’ असं तुम्ही म्हणालात, त्याचं कारण हे. त्या खालच्या ओळीत विकणाऱ्याचं नाव-पत्ता असावा, आणि ती पूर्ण लागली तर काठीचा हिंदुस्थानातला प्रवास कळेल. ती ओळ केसाएवढी खोल उरली आहे. तेजाब आणि बफ यांपैकी एकालाही ती पुरली नसती.

आता अंदाजपंचेबद्दल. मी नेमकं साल कुठेही लिहिलेलं नाही, दोन टोकं लिहिली आहेत. अलीकडचं टोक दांडीवरून ठरतं. इंग्लंड-स्कॉटलंडचे नियम करणाऱ्या रॉयल अँड एन्शंट क्लबने पोलादी दांडीला परवानगी दिली १९२९ साली. त्यानंतर काही वर्षांतच हिकरी, म्हणजे तोवर दांड्यांना वापरायचं ते अमेरिकेतलं चिवट लाकूड, मागे पडलं. मात्र नुसतं लाकूड दिसलं म्हणून भागत नाही, कारण त्या काळात पोलादी नळीवर लाकडाच्या रंगाचं सेल्युलॉइड चढवूनही विकत. म्हणून मी सगळ्यात आधी दांडीवर लोहचुंबक फिरवला. चिकटला नाही, आणि मुठीखालच्या उघड्या भागात हिकरीच्या लांब रेषा दिसल्या. डोक्यावर ‘रस्टलेस’ किंवा ‘स्टेनलेस’ असा शिक्का नाही, कुठलाही मुलामा नाही. गंज न धरणारी आणि मुलामा दिलेली डोकी १९२० नंतरच्या दशकात बोकाळली. पलीकडचं टोक पाइपच्या खुणेवरून: ती १८९० च्या दशकापासून पुढे दिसते. या दोन टोकांच्या मध्ये पटर कुठेतरी बसतो, आणि मुलामा नसल्यामुळे मी त्याला अलीकडच्या टोकाला ढकलत नाही. निकेल चढवलं असतं तर हा पुरावा मी माझ्याच हाताने खोटा केला असता. पुढे ज्याच्या हाती ही काठी जाईल, त्याने ती वीस-पंचवीस वर्षांनी नवी समजली असती.

तेजाबाचं दुसरंही एक कारण आहे, आणि ते तुम्हाला लगेच पटेल. मिलमध्ये तुम्ही पिकलिंग, म्हणजे तेजाबात बुडवून गंज काढणं, करता ते सुट्या मालाचं, मग भरपूर पाण्याने धुता. इथे डोक्याच्या नळीत लाकूड ठोकून बसवलेलं आहे, आडवी लोखंडी पिन आहे. तेजाब त्या फटीत शिरलं की धुऊन निघत नाही. आतल्या आत पिन खातं, लाकूड कुजवतं, आणि दोन उन्हाळ्यांत डोकं हातात येतं. मी केलं ते एवढंच: शिवणयंत्राचं तेल लावून ठेवलं, मग सगळ्यात बारीक स्टील वूलने, ठसा सोडून, हलक्या हाताने घासलं. लाल गंज पुडीसारखा बोटाला लागतो, तो घालवायचा. त्याखालचा काळपट तपकिरी थर घट्ट असतो, तो राहू द्यायचा. बोटाला काही लागेनासं झालं की थांबायचं आणि मेण लावायचं. पितळी पटर असता तरी चिंचेने किंवा तेजाबाने घासू नका असंच सांगितलं असतं. कडक आम्लाने पितळातलं जस्त निघून जातं आणि पृष्ठभाग तांबूस पडतो.

दांडी आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आकसली होती, म्हणून डोकं खुळखुळत होतं. तिथे इपॉक्सी भरा असं आणखी एका वाचकाने सुचवलं. भरलं तर पुढच्या वेळी दांडी फोडल्याशिवाय निघणार नाही. चपडी लाख गरम करून भरली, ती परत गरम केली की सुटते. लाकडाला जवसाचं तेल, अगदी पातळ हात, पुसून टाकून, वाळू देऊन पुन्हा. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो, कुणी घरी करणार असेल तर: जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेटू शकते. मोकळ्या जागी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. मुठीची चामडी पट्टी अर्धी शाबूत होती, ती तशीच ठेवली आणि सुटं टोक मेणाच्या काळ्या दोऱ्याने आवळलं.

राहिला टँकरचा प्रश्न. हा तुम्ही मनापासून विचारलात, तेव्हा मीही मनापासूनच सांगतो. हैदराबाद कंटिन्जंट, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेली ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज, तिच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथे होत्या. १९०३ मध्ये ते सैन्य ब्रिटिश हिंदुस्थानी लष्करात मिसळलं, काही छावण्या उठल्या, आणि मागे राहिलं ते सामान आपल्याच लोकांच्या घरांत गेलं. पाण्याचं म्हणाल तर कोरड्या भागातल्या मैदानांवर त्या काळी हिरवळ नसायचीच. भोकाभोवतीची जागा वाळूत तेल मिसळून, दाबून केलेली असायची, तिला ‘ब्राऊन’ म्हणत. ती रोज सारखी करणारे हात माळ्यांचे आणि पोऱ्यांचे होते. त्या हातांबद्दल कुणी काही लिहून ठेवलं नाही. या माळ्याच्या घरात त्यातली एक वस्तू उरली आहे, आणि ती त्या घराची आहे, साहेबाची नाही. म्हणून मी ती जपून हाताळली, आणि यापुढेही तसंच करीन.

एक काम मात्र अडलं आहे आणि त्यात तुमची मदत हवी आहे. नळीतली मूळ पिन गंजून अर्धी झाली आहे. नवी मऊ लोखंडाची, एका टोकाला किंचित निमुळती आणि सुताराच्या बारीक खिळ्याएवढी जाड हवी. बाजारातला खिळा कडक असतो, ठोकताना नळीला चीर जाते. तुमच्या ओळखीत लेथवर अशी पिन काढून देणारं कुणी असेल तर कळवा, मी भोकाचं माप पाठवतो.