कंत्राट मोडण्याआधी मोजमाप का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

घराचे कंत्राट मोडायचे असेल तर आधी तीस दिवसांची लेखी नोटीस द्या आणि झालेले काम मोजून घ्या, असे मी लिहिले होते. त्यावर तुम्ही म्हणता, हा सल्ला कंत्राटदाराच्या सोयीचा आहे. गोव्यात डिचोलीतल्या तुमच्या साइटवर तुमचा कंत्राटदार दिवाळीपासून फिरकलेला नाही. तळमजल्याचा स्लॅब झाला, वरच्या खांबांच्या सळया उघड्या आहेत, फोन उचलत नाही. "असल्याला नोटीस कसली? सेंटरिंगचे (स्लॅबच्या साच्याचे) सामान अडकवायचे आणि दुसरा माणूस लावायचा. शिगमा आला. तुमचे तीस दिवस मोजत बसलो तर मिरग येईल आणि यंदाचीही चवथ भाड्याच्या खोलीत होईल."

तुमचा संताप रास्त आहे. कंत्राट मोडावे, हेही मला पटते. इतके महिने साइट बंद ठेवणाऱ्याची आणखी वाट बघण्यात अर्थ नाही. आपला मतभेद आहे तो फक्त कसे मोडायचे यावर, आणि तिथे मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. कारण घाईने मोडलेल्या कंत्राटात नुकसान बहुतेक वेळा मालकाचे होते.

गोव्यात लग्नाला पोर्तुगीज काळातला नागरी कायदा लागू असला, तरी कंत्राटाला १८७२ चा भारतीय करार कायदाच लागतो. त्याचे कलम ३९ तुमच्या बाजूचे आहे. समोरच्याने काम करायलाच नकार दिला, तर तुम्ही करार संपवू शकता. पण त्यातच एक अट आहे : करार चालू राहण्याला तुम्ही शब्दाने किंवा वागण्याने संमती दिलेली नसावी. मुदत उलटल्यावर तुम्ही एखादा हप्ता दिला असेल, "होऊ दे सावकाश" असा निरोप फोनवर टाकला असेल, तर कंत्राटदार नेमके तेच दाखवील. बांधकामात केवळ तारीख उलटली म्हणून करार आपोआप मरत नाही. नाशिकच्या कालव्यावरील एका जलसेतूचे कंत्राट सरकारने मुदत संपल्यावर रद्द केले होते. हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणे चुकीचे ठरवले. करारात मुदतवाढीची आणि उशिराच्या दंडाची कलमे असली की मुदत हा कराराचा गाभा सहसा धरत नाहीत. तुमच्या करारनाम्यात दर आठवड्याच्या उशिराला दंड लिहिला आहे, असे तुम्हीच सांगता. मग आधी वाजवी नवी तारीख लेखी द्यावी लागते, आणि त्या तारखेला काम सुरू झाले नाही तर करार संपेल, असे स्पष्ट लिहावे लागते.

आणि चुकीच्या तऱ्हेने मोडले तर करारभंग तुमचा ठरतो. ब्रिज पॉल सिंग विरुद्ध गुजरात राज्य या १९८४ च्या निकालात कंत्राटदाराला उरलेल्या कामाच्या किमतीवर १५ टक्के दराने बुडालेल्या नफ्याची भरपाई मिळाली. म्हणजे न केलेल्या कामाचेही पैसे!

आता त्या तीस दिवसांबद्दल. ही मुदत माझ्या मनची नाही. करार मोडला तर काय दाद मिळते हे सांगणाऱ्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २० मध्ये २०१८ साली दुरुस्ती झाली. दुसऱ्याकडून काम पुरे करून घेऊन तो खर्च पहिल्याकडून वसूल करायचा असेल, तर किमान तीस दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. नवा कंत्राटदार अर्धवट कामाला जास्त दर लावतो, कारण दुसऱ्याच्या कामाची जबाबदारी त्याच्या अंगावर येते. तो वाढीव खर्च तुम्ही सोडून द्यायला तयार आहात का? नोटीस आज गेली तर एप्रिलच्या मध्यात तुम्ही मोकळे होता, आणि मिरगाला तेव्हाही दीड महिना हातात असतो.

शिवाय हे दिवस रिकामे जात नाहीत. मोजणी याच काळात होते, आणि सगळ्यात जास्त हयगय तिथेच होते. पाया, जोते, चिऱ्यांची भिंत, स्लॅब, सगळे नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरकडून मोजून घ्या. कंत्राटदाराला दिवस आणि वेळ लेखी कळवा. आला तर त्याची सही घ्या, नाही आला तर दोन साक्षीदारांसमोर मोजणी पुरी करा, तारखेसह फोटो काढा. साइटवरचे सिमेंट, सळया, चिरे कोणाच्या पैशांचे, तेही लिहा. नव्या माणसाने पहिला चिरा लावला की जुने काम कुठे संपले, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. ग्राहक आयोगात जा नाहीतर कोर्टात जा, पहिला प्रश्न तोच विचारतात. इंजिनिअर कंत्राटदारानेच आणलेला असेल तर स्ट्रक्चरल नकाशे आणि सळयांचा तक्ता आधी ताब्यात घ्या. पुढे वहिवाटीचा (घर वापरण्याच्या परवानगीचा) दाखला मागताना तेच कागद लागतात.

सेंटरिंगच्या सामानाला मात्र हात लावू नका. प्लेट्स आणि टेकू बहुतेक वेळा त्याने भाड्याने आणलेले असतात, भाडे रोज चढते आणि तक्रार पोलिसांत तुमच्यावर होते. यादी करा, न्यायला दिवस द्या, नेताना सही घ्या. बीम-स्लॅबखाली अजून टेकू असतील तर इंजिनिअरने सांगितल्याशिवाय एकही हलू देऊ नका.

एक गोष्ट तुम्ही बोललाच नाहीत. साइट सोडून गेलेला छोटा कंत्राटदार पुष्कळदा स्वतःच अडकलेला असतो. मेस्त दुसरीकडे गेले, रेती मिळेना, दर परवडेनात. अशा माणसाला सुटका हवीच असते. नोटिशीबरोबर एका मध्यस्थाकरवी निरोप पाठवा : मोजणी होईल, झालेल्या कामाचे आणि दिलेल्या पैशांचे गणित मांडू, जे निघेल ते देऊ-घेऊ आणि समजुतीने करार संपवू. तसा कागद झाला तर तीस दिवसही लागत नाहीत. कागदात इतकेच जपा, की त्याने केलेल्या कामातले पुढे उघड होणारे दोष त्याच्याच माथी राहतील. "आता काही देणेघेणे नाही" या एका वाक्याने तो हक्क सहज जातो. घरांच्या बाबतीत मला हाच मार्ग सगळ्यांत चांगला वाटतो.

चवथीचे मात्र खोटे आश्वासन देणार नाही. वरचा मजला यंदा होणार नाही. तळमजल्याचा स्लॅब झालेला आहे, तेव्हा नव्या माणसाला एप्रिलपासून फक्त खालचे गिलावे, दारे-खिडक्या आणि स्लॅबचे वॉटरप्रूफिंग द्या. गणपती तिथे बसू शकेल.

आणि खांबांच्या त्या उघड्या सळया! आपल्याकडची दमट, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस त्यांना खातो. मोजणी आणि फोटो झाल्याबरोबर गंज घासून काढा, सिमेंटचा घट्ट लेप द्या आणि वर प्लॅस्टिक बांधा. हे काम कोणत्याही नोटिशीसाठी थांबवू नका. त्याचा खर्च लिहून ठेवा, हिशेबात धरता येईल.

करारनाम्यातले मुदतीचे, दंडाचे आणि करार संपवण्याचे कलम मला ईमेलने पाठवा. करार संपवण्याची वेगळी रीत तिथे लिहिलेली असेल तर नोटीस तिला धरूनच काढावी लागेल, म्हणून ती वाचल्याशिवाय वकिलाला मसुदा करायला सांगू नका.